अंगठ्याचा आहेर

पोस्ट आधी वाचायची, ती मनाला पटते का बघायचं आणि पटली तरच लाईक करायची, असं वागणारा माणूस आमच्या नात्यात कुणी नाही. शेजारात नाही. ऑफिसात एक होता; त्याच्याविषयी सगळ्यांचं एकच मत होतं की माणूस तुसडा आहे.

कॉलेजातली पोरं लाईक मारतात. कार्यकर्ते लाईक ठोकतात. आणि आमच्या आत्याच्या पिढीतल्या बायका लाईक देतात. तिघांच्याही बाबतीत आवडण्या-नावडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आत्याचा तर नेम ठरलेला आहे. सकाळी पूजा आटोपली की ती खुर्चीत बसते, फोन हातात घेते आणि वरून खाली ओळीने सगळ्यांना लाईक देत जाते. चष्मा तेव्हा देवघरातच राहिलेला असतो. एकदा तिच्या भाच्याने नोकरी सुटल्याची पोस्ट टाकली होती. कंपनीने कसं वागवलं, घराचा हप्ता कसा भरायचा, सगळं सविस्तर. आत्याचा लाईक पहिला.

"अगं आत्या, वाचलंस तरी का काय लिहिलंय ते?"

"वाचायचं काय त्यात? त्याने टाकलंय ना? मग द्यायला नको? माझ्या उकडीच्या मोदकांना दिलं होतं त्याने."

या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होतं. तिने एका वाक्यात सगळा हिशेब मांडला होता. जगातले विद्वान लाईकला पसंती समजतात, पाठिंबा समजतात, मत समजतात. मराठी घरात लाईक हा आहेर आहे.

आहेराची पद्धत कुणाला समजावून सांगायला नको, पण वहीकडे जरा बारकाईने बघा. लग्नाच्या हॉलच्या दारापाशी टेबल असतं. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलेलं असलं तरी असतं, कारण कुणी आणलाच तर लिहून घ्यायला कुणीतरी हवं. टेबलामागे घरातला एखादा हिशेबी माणूस बसतो, ज्याचा लग्नात एरवी काही उपयोग नसतो. त्याच्यापुढे लांबट वही. नाव, गाव, रक्कम. 101, 251, 501. गावाकडे तर ते ध्वनिक्षेपकावरून पुकारलंही जातं, म्हणजे पंगतीत बसलेल्यांनाही कळतं की कुणाचा हात किती आखडता आहे. लग्न पार पडतं, पाहुणे जातात, वही मात्र कपाटात दागिन्यांच्या शेजारी जाते. फोटोंचा अल्बम हरवला तर चालतं. वही हरवली तर पुढच्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या लग्नांना काय न्यायचं, हे कळायचं कसं? आणि फेड करताना आकडा तोच ठेवायचा नसतो, किंचित चढा ठेवायचा असतो.

आमच्या घरी लाईकची ही वही बायकोच्या डोक्यात आहे. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा कुणी नुसता अंगठा दाबला, कुणी बदाम दिला, कुणी बदाम देऊन वर 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं लिहिलं आणि कोण बघून गप्प बसलं, हे तिला आज विचारा, ती नावानिशी सांगेल. दर मी हळूहळू शिकलो. अंगठा म्हणजे 101 चं पाकीट. यायला हवं म्हणून आलो. बदाम म्हणजे जवळचं नातं, किंवा जवळचं असल्याचा दावा. बदामासोबत शब्द असले तर साडी. आणि आपली पोस्ट उचलून स्वतःच्या भिंतीवर कुणी शेअर केली तर तो सोन्याचा दागिना. तो सख्खा मामाच करतो आणि त्यालाही नंतर मामी विचारते, एवढं कशाला?

न्यू जर्सीतला मावसभाऊ आपल्याकडे पहाट असताना लाईक देतो. त्याच्या त्या लाईकला घरात थोडा जास्त मान आहे. का, ते कुणी सांगत नाही. परदेशातून आलेल्या साबणालाही एके काळी असाच होता.

खरं तर हे बटण आणणाऱ्यांच्या मनात असलं काही नव्हतं. फेसबुकवर ते आलं 9 फेब्रुवारी 2009 रोजी. त्याआधी व्हिमिओ आणि फ्रेंडफीड या दोन ठिकाणी तशी सोय झालेली होती, म्हणजे कल्पना अगदी कोरी नव्हती. कंपनीच्या आत त्याचं नाव आधी 'ऑसम' असं होतं आणि खुद्द मार्क झुकरबर्गला हे बटण बराच काळ पसंत नव्हतं. बटण हवं होतं त्यामागे एक साधी अडचण होती. कुणी काही चांगली बातमी दिली की खाली पन्नास जण तोच एक शब्द लिहायचे. पन्नास ओळींचा तो ढीग उपसून एक आकडा ठेवला की पान स्वच्छ.

अमेरिकेत ते झालंही असेल. आपल्याकडे लोक आधी लाईक करतात, मग खाली 'अभिनंदन' लिहितात, मग कुणीतरी 'हार्दिक अभिनंदन' लिहितं, त्यामुळे आधीचं अभिनंदन हृदयातून नव्हतं की काय अशी शंका येते आणि पहिला माणूस परत येऊन 'मनःपूर्वक' लिहून जातो. ज्याचं अभिनंदन झालं तो प्रत्येकाला स्वतंत्र 'धन्यवाद' देतो. त्या धन्यवादाला ते सगळे लाईक करतात. पान स्वच्छ करायला आणलेल्या केरसुणीनेच आम्ही केर केला.

बटण घडवणाऱ्यांच्या त्या गटात जस्टिन रोझेनस्टाईन नावाचा इंजिनिअर होता. पुढे 2017 साली त्याच्याविषयी असं छापून आलं की आपल्या नव्या फोनवर आपणच कसले ॲप घेऊ नयेत म्हणून त्याने सहायकाला सांगून, मुलांच्या फोनवर लावतात तसं कुलूप स्वतःच्या फोनवर लावून घेतलं. हलवायाने स्वतःच्या दुकानातली जिलबी खाऊ नये, हे आम्ही समजू शकतो. पण आत्याच्या फोनला असं कुलूप लावायला घरात कुणाची छाती आहे, ते मला दाखवा.

बटण आल्यावर पहिली सात वर्षं फेसबुककडे दाखवायला फक्त अंगठा होता. या सात वर्षांत मराठी माणसाची केवढी कुचंबणा झाली! 'आमच्या तीर्थरूपांना काल रात्री देवाज्ञा झाली' या वाक्याखाली दोनशे वर केलेले अंगठे. कुणाला खटकत होतं असंही नाही. आहेर असो की दुखवटा, आलो होतो याची नोंद लागली म्हणजे झालं. उलट अंगठा न दिलेला माणूसच तेराव्याला जरा चोरट्यासारखा वावरायचा. 24 फेब्रुवारी 2016 ला बदाम, हसरा, चकित, रडका आणि रागावलेला अशी पाच चित्रं आणखी आली आणि भावनांची सोय झाली. पण सवय कुठे सुटते? काका अजूनही श्रद्धांजलीला अंगठाच देतात. रडका चेहरा त्यांना बायकी वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपने मे 2022 मध्ये हीच सोय केली, आणि तिथे सुरुवातीच्या सहा चित्रांत जोडलेले हातही ठेवले. महाराष्ट्रात ती एकच गोष्ट ठेवली असती तरी भागलं असतं. वाढदिवसाला नमस्कार, निधनाला नमस्कार, उद्या पाणी येणार नाही याला नमस्कार, कुणीतरी चुकून पाठवलेल्या इन्कम टॅक्सच्या चलनालाही नमस्कार.

इथवर सगळं घरगुती आहे. घोटाळा होतो तो लाईक घराबाहेर पडतो तेव्हा. बाहेर पोलीस असतात, न्यायालयं असतात, आणि या मंडळींना आहेराची रीत माहीत नसते. ती लाईकमध्ये मत शोधायला लागतात.

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई आणि आसपासचा मुलूख बंद झाला. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या लाईक केल्या. दोघींना अटक झाली. लिहिणारीला एक न्याय आणि लाईकवालीला दुसरा, असला भेदभाव पोलिसांनी केला नाही. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याचीही मोडतोड झाली. त्यांनी तर लाईकसुद्धा केलं नव्हतं. पालघर हा तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, ठाण्याचा तालुका होता. पण अंगठ्याबद्दल पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागल्यामुळे त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. मुली जामिनावर सुटल्या, पुढे कारवाई करणारे अधिकारी निलंबित झाले, खटलाही बारगळला. दिल्लीत श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने या प्रकाराने अस्वस्थ होऊन सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि 24 मार्च 2015 ला या अटकेत वापरलेलं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66 अ रद्द झालं. त्या दोन-अडीच वर्षांत आत्याने चष्म्यावाचून किती दखलपात्र गुन्हे केले असतील, याचा विचार मी करायचा टाळतो.

पालघरला हसणाऱ्यांनी व्हर्जिनियाकडे बघावं. तिथे हॅम्प्टन नावाच्या गावी शेरीफची निवडणूक होती. शेरीफ म्हणजे निवडून येणारा पोलीसप्रमुख; ही कल्पना आपल्याकडे कुणी आणली नाही याबद्दल देवाचे आभार मानावेत. तर शेरीफच्या हाताखालच्या एकाने विरोधी उमेदवाराचं फेसबुक पान लाईक केलं. शेरीफ पुन्हा निवडून आला आणि त्याने या माणसाला पुन्हा नेमलं नाही. प्रकरण कोर्टात. खालच्या न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलं, नुसतं लाईक करणं म्हणजे काही बोलणं नव्हे, त्याला संरक्षण कसलं? वरच्या न्यायालयाने 2013 मध्ये ते फिरवलं: लाईक करणं म्हणजे आपल्या घरापुढच्या हिरवळीवर उमेदवाराची पाटी लावण्यासारखं आहे, म्हणून ते बोलणंच. गंमत अशी की आमच्या गल्लीत एका घरावर एका वेळी तीन उमेदवारांच्या पाट्या असतात, कारण तिघांनीही पाटी लावायचं भाडं दिलेलं असतं.

आणि मग 2023 साल. कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या एका जवसवाल्या शेतकऱ्याची गोष्ट ऐकून मला रात्री झोप लागली नाही. धान्य खरेदी करणाऱ्याने 2021 च्या मार्चमध्ये त्याला फोनवर कराराच्या कागदाचा फोटो पाठवला: नोव्हेंबरात अमुक इतका जवस, अमुक भावाने, कृपया कळवावे. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. नोव्हेंबर आला, जवसाचा भाव दुपटीवर गेला, माल काही आला नाही. शेतकरी म्हणाला, मी अंगठा पाठवला तो तुमचा निरोप पोचला एवढंच सांगायला. करार वाचतो म्हणालो, मान्य आहे म्हणालो नाही. न्यायाधीश म्हणाले, अंगठा म्हणजे सही. भरा सुमारे 82 हजार कॅनडियन डॉलर. पुढे अपिलातही तेच कायम झालं.

माझं मत शेतकऱ्याच्या बाजूने आहे. हा खटला सांगलीला चालला असता तर वकिलाने पक्षकाराच्या कुटुंबाचा ग्रुप उघडून न्यायाधीशांसमोर ठेवला असता. 'सर्वांनी रविवारी सकाळी आठला यावे' या निरोपाखाली बावीस अंगठे आणि रविवारी साडेदहाला हजर चार माणसं, एवढा एकच पुरावा पुरे होता. अंगठ्याने मराठी माणूस बांधला जात नाही. अंगठ्याचा अर्थ 'हो' असा नाही, 'नाही' असाही नाही. 'आता यावर पुढे बोलू नका' असा आहे. 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की एखादी पोस्ट लाईक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं नव्हे. हा त्यातल्या त्यात माणसात राहिलेल्या न्यायमूर्तींचा निकाल वाटतो.

न वाचता अंगठा उठवण्याचे परिणाम आपल्याला ठाऊक नाहीत अशातला भाग नाही. लिहिता न येणारा कुणबी सावकाराच्या कागदावर सहीच्या जागी नांगराची निशाणी करायचा. पुढे पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. कागदात काय आहे ते सावकाराला माहीत आणि देवाला माहीत. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी उठाव केला तेव्हा त्यांचा राग मुख्यतः या कागदांवर होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे बाहेर काढून जाळले गेले. सरकारने 1879 मध्ये कायदा केला आणि कुणब्याचे कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत अशी व्यवस्था केली. म्हणजे वाचल्याशिवाय मान्यता देऊ नये, हा धडा आपण दीडशे वर्षांपूर्वी शिकून बसलो आहोत. आता आपण सगळे सुशिक्षित झाल्यामुळे बँकेच्या ॲपमधल्या सदतीस पानी अटींना खाली न बघता 'मान्य' म्हणतो. जाळायला कागद नाही, हा एक फरक.

तरुण पिढीला अंगठाच मान्य नाही, हा आणखी एक ताप. माझी भाची हिंजवडीत नोकरीला आहे. तिने एकदा मला गंभीर आवाजात फोन केला.

"मामा, तू मला अंगठा का पाठवलास?"

"तू विचारलंस ना, शनिवारी येऊ का? म्हटलं ये."

"मग 'ये' लिहायचं. अंगठा पाठवला की वाटतं तू चिडलायस. आमच्या टीममध्ये कुणी अंगठा पाठवला की सगळे विचारतात, काय बिनसलं याचं?"

"मग मॅनेजरने काही सांगितलं तर तुम्ही काय पाठवता?"

"हार्ट."

मॅनेजरला बदाम! आमच्या ऑफिसात हे कुणी केलं असतं तर दोघांचीही बदली झाली असती, वेगवेगळ्या जिल्ह्यांत. पण तिचं म्हणणं तपासून बघितल्यावर मला ते आहेराच्या नियमांत चपखल बसताना दिसलं. महागाई वाढली. पूर्वी 11 रुपयांचा आहेर चालायचा, मग 51 झाला, आता 101 चं पाकीट दिलं तर यजमान वर बघत नाही. अंगठ्याचं तेच झालं. किमान दर बदामावर गेला आहे आणि जुन्या नोटा घेऊन आम्ही बाजारात फिरतो आहोत.

जाहीर पाठिंब्याच्या व्यवहारात मात्र आपल्या राजकारण्यांचा हात कुणी धरणार नाही. चौकातला वाढदिवसाचा फलक बघा. मध्ये पुरुषभर उंचीचे भाऊ, हात जोडलेले, काळा चष्मा घातलेला. वर पक्षाच्या थोरांचे गोल फोटो, त्यांचा क्रम दिल्लीत काही बदललं की बदलतो. आणि खाली, पायाशी, टपाल तिकिटाएवढे तीसचाळीस चेहरे: शुभेच्छुक. या चेहऱ्यांतला कुणी भाऊंविषयी एक शब्दही बोललेला नसतो, काहींना आपला फोटो लागलाय हे फलक बघूनच कळतं. पण फोटो नाही लागला तर? तर आयुष्यभराचं वैर. फलक लावला जातो तो मुळात या खालच्या ओळीसाठीच. भाऊ निमित्तमात्र असतात.

लाईकने या शुभेच्छुकांना घरबसल्या काम दिलं. आमच्या प्रभागातल्या एका कार्यकर्त्याने मला त्याची दिनचर्या सांगितली. साहेबांची पोस्ट पडली की दहा मिनिटांच्या आत लाईक पाहिजे, नंतरचा लाईक म्हणजे दुसऱ्या पंगतीला बसल्यासारखा. पोस्टमध्ये काय असतं, हे विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, तेवढा वेळ असतो का? मागून दुसरी येते." मध्यंतरी साहेबांनी पक्ष बदलला. त्या दिवशी सकाळी जुन्या पक्षावरच्या निष्ठेची पोस्ट होती, संध्याकाळी नव्या पक्षातल्या प्रवेशाची. दोन्हींना याचे लाईक दहा मिनिटांच्या आत. मी म्हटलं, अहो, एका दिवसात? तो म्हणाला, "मी साहेबांना लाईक करतो, मजकुराला नाही." व्हर्जिनियाच्या न्यायालयाने याची साक्ष घ्यायला हवी होती.

त्या मानाने विधानसभा किती मोकळी जागा आहे! 12 नोव्हेंबर 2014 ला देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. बाजूचे ओरडतात, विरोधातले ओरडतात, अध्यक्ष कानांनी बहुमत मोजतात; कोण नेमकं काय ओरडलं याची नावानिशी नोंद नाही. त्या मतदानावर तेव्हा बरीच आदळआपट झाली, ती करणाऱ्यांना त्यातली माया कळली नाही. अख्ख्या सरकारचं भवितव्य ठरवताना आमदाराला नाव न लागता ओरडता येतं, आणि आम्हाला मात्र मेव्हण्याच्या नव्या सोफ्याबद्दलचं मत नाव, फोटो आणि वेळेसकट जाहीर करावं लागतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे कधीतरी जाणवलं असावं. इन्स्टाग्रामने 2019 मध्ये काही देशांत लाईकचे आकडे इतरांपासून झाकून बघितले आणि 2021 मध्ये ज्याला हवे त्याला ते लपवायची मुभा दिली. ट्विटरचं नाव बदलून एक्स झालं, त्यांनी जून 2024 मध्ये कुणी काय लाईक केलं ते लोकांच्या नजरेआड केलं. उद्देश चांगला असेल. पण आमच्या बायकोला मी ही बातमी सांगितली तेव्हा तिने पोळी लाटता लाटता थांबून विचारलं, "मग कळणार कसं?" गुप्तदान देवळात करायचं असतं, पेटीत टाकायचं असतं. आहेर कुणी गुप्त करतं का? टेबलावर वहीच नसेल तर पाकिटात कोरा कागद घालून जाणारे आमच्या माहितीत आहेत.

या सगळ्याचा शेवट व्हायचा तिथेच झाला, म्हणजे हाउसिंग सोसायटीत. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि गणपूर्ती लागते. आमच्याकडे सूचक कायम तळमजल्यावरचे, अनुमोदक कायम त्यांचे साडू, आणि गणपूर्ती कधीच होत नाही. सभा अर्धा तास तहकूब होते, त्या अर्ध्या तासात वडा आणि चहा होतो, मग त्याच माणसांत पुन्हा सुरू होते. सेक्रेटरी नवे आले. उत्साही. त्यांनी ठरवलं की पार्किंगचं शुल्क वाढवण्याच्या ठरावाचा कल आधीच ग्रुपवर घ्यावा. त्यांनी निरोप टाकला: 'ज्यांना दरवाढ मंजूर असेल त्यांनी अंगठा द्यावा.'

अर्ध्या तासात जवळजवळ सगळ्यांचे अंगठे आले. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचे आले, ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांचे आले, फ्लॅट विकून वर्षभरापूर्वी नाशिकला गेलेल्यांचाही आला, कारण त्यांना ग्रुपमधून काढायचं राहिलं होतं. सेक्रेटरींनी आनंदाने लिहिलं, 'सर्वांचे आभार.' त्यालाही अंगठे आले.

मग चौथ्या मजल्यावरचे वकील जागे झाले. त्यांनी कलमं घालून लांबलचक निरोप लिहिला की अंगठा ही मंजुरी होऊ शकत नाही, सभेवाचून ठराव बेकायदा आहे, दरवाढ अन्यायाची आहे आणि आपला याला स्पष्ट विरोध आहे. या निरोपालाही त्याच सगळ्यांचे अंगठे आले. नाशिकचाही आला. दोन-तीन जणांनी बदाम दिले, कारण वकिलांच्या मुलाचं लग्न डिसेंबरात होतं.

सेक्रेटरी चक्रावले. त्यांनी एकेकाला लिफ्टपाशी गाठून विचारलं, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे? पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढं लिहिलंत, त्यांनीही एवढं लिहिलं. एकाला द्यायचं आणि एकाला नाही, बरं दिसतं का ते?"

सभा झाली. इतिवृत्तात काय लिहावं, यावर सेक्रेटरींनी रात्र जागून काढली आणि सकाळी मसुदा ग्रुपवर टाकला: 'पार्किंग शुल्कवाढीचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, व त्यास सर्वानुमते विरोध नोंदवण्यात आला.' पहिला अंगठा वकिलांचा होता.